भिंतीकडची खुर्ची

रुमालाला दारूचा वास येत होता, शर्टाला नाही.

बाथरूममध्ये बादलीसमोर उकिडवी बसून मी दोन्ही पुन्हा पुन्हा हुंगून पाहत होते. बाहेर पाळण्यात सात महिन्यांची माझी मुलगी स्वतःच्याच पायाच्या अंगठ्याशी भांडत होती. पिणाऱ्या माणसाच्या शर्टाला वास येतोच. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात एक शिपाई होता, त्याने कपाटातून काढून दिलेल्या पुस्तकांनासुद्धा यायचा. पण सासऱ्यांच्या शर्टाला साबणाचा, थोडा घामाचा आणि थोडा मशीनच्या तेलाचा वास होता. चाळीस वर्षं दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करत हिंडलेल्या माणसाचा तो कायमचा वास. दारू होती ती फक्त रुमालावर, तीही मधोमध, कोटाच्या बटणाएवढ्या डागात.

शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी निघाली. गोल, ठळक, बाईमाणसाचं अक्षर. ‘घरी सांगा. आजच.’

काय सांगा? आणि ही बाई कोण?

मी काळजी करणारी आहे हे मला मान्य आहे. आई म्हणते, तू काळजी करत नाहीस, काळजीची नोकरी करतेस, रजासुद्धा घेत नाहीस. पण त्या दिवशी काळजीपेक्षा कुतूहल जास्त होतं. सत्तरीचा विधुर माणूस, बाईच्या अक्षरातली चिठ्ठी, रुमालावर दारू. क्षणभर मला हसूच आलं. मग पहिली तारीख आठवली आणि हसू गेलं.

पहिल्या तारखेला माझी रजा संपत होती. पाळणाघर मी पाहून आले होते. तिथल्या बाईंनी माझ्यासमोर एकाच फडक्याने चार मुलांची नाकं पुसली आणि मी तशीच मागे फिरले. मग ठरलं की मुलीला बाबांनी सांभाळायचं. मी पाचला घरी येणार, बाबा पाचला खाली जाणार. खाली म्हणजे बारमध्ये.

आमचं घर पहिल्या मजल्यावर आणि बार बरोबर त्याच्या खाली. घर दाखवताना दलालाने ‘खाली थोडी वर्दळ असते’ एवढंच सांगितलं होतं. बाबा आमच्याकडे राहायला आले ते सासूबाई गेल्यानंतर, दीड वर्षापूर्वी. आल्यावर महिन्याभरातच ते रोज पाचला स्वच्छ शर्ट घालून, भांग पाडून खाली उतरायला लागले. आयुष्यभर कधी थेंबाला न शिवलेला माणूस. सातच्या सुमाराला त्यांच्यासोबत खाली बसणारा एक प्लंबर त्यांना वर आणून सोडायचा. आडव्या अंगाचा, दाराएवढा माणूस, एक हात बाबांच्या कोपराखाली. बाबा रुमालाने तोंड पुसत आत यायचे, जमिनीकडे बघत आपल्या खोलीत जायचे. वास यायचा. कधी बाथरूमऐवजी कपाटाचं दार उघडून उभे राहायचे.

“बाबा, या वयात?” नवरा रविवारी सकाळी विचारायचा.

“कमी करतो रे,” बाबा शाळकरी मुलासारखे म्हणायचे.

दिवसा मात्र ते अगदी व्यवस्थित असत. नातीला खेळवत, तिचे लंगोट माझ्यापेक्षा चौकोनी घडी घालून ठेवत. दर रविवारी तिचं वजन करत. त्यासाठी त्यांनी एक जुना दुकानी काटा नीट करून घेतला होता. पारड्यात दुपट्याची घडी घालायची, काटा शून्यावर आणायचा, मग पोरीला ठेवायचं. गेल्या रविवारी शून्यावर आणलेला होता ना, असं मी एकदा म्हटलं, तर माझ्याकडे त्यांनी नवख्या उमेदवाराकडे बघावं तसं पाहिलं.

“कालच्या शून्यावर आज माल तोलायचा नाही, सूनबाई. काटा आपोआप सरकतो. त्याचा दोष नसतो तो.”

एका रविवारी तिचं वजन करून झाल्यावर तासाभराने त्यांनी पुन्हा काटा मांडला. “आज रविवार ना?” म्हणाले. मला ते प्रेम वाटलं. नातीचं दोनदा वजन करणारा आजोबा कोणाला आवडणार नाही?

स्वयंपाकघराची खिडकी मागच्या अरुंद बोळाकडे उघडते आणि बारचं मागचं दारही तिथेच. त्यामुळे सव्वापाचला मला रोज एक प्रकार ऐकू यायचा. आधी खुर्च्या सरकल्याचे आवाज, मग एका बाईचा खणखणीत प्रश्न, “कोण कोण आलंय?” आणि मग एकेक जण ओरडायचा.

“टेलर! पंख्याखालची खुर्ची! हजर!”

“प्लंबर! दाराकडची खुर्ची! हजर!”

एका बाईचा दमलेला आवाज, “नर्स. बाकावर, चपला काढून. हजर.”

आणि सगळ्यात शेवटी आमचे बाबा. “काटेवाला. भिंतीकडची खुर्ची. हजर.”

नवरा त्याला बेवड्यांची शाळा म्हणायचा. मला मात्र तो प्रकार सोडवत नव्हता. त्याच त्याच चार माणसांनी रोज आपला धंदा आणि आपली खुर्ची का सांगायची? तेही न पिताच? कारण सव्वापाचला पेल्यांचा आवाज अजून सुरू झालेला नसायचा, हेही मी टिपून ठेवलं होतं.

एकदा मी सरळ विचारलं, “बाबा, काय असतं हो खाली एवढं?”

ते बुटांच्या नाड्या बांधत होते. बांधून झालेल्या नाड्या सोडून पुन्हा बांधत होते.

“काही नाही गं. तिथे सगळे ओळखीचे असतात.”

“मग आम्ही काय परके?”

“छे छे,” ते गडबडीने म्हणाले, “तुम्ही तर घरचे.” आणि माझ्याकडे न बघता जिना उतरले.

चिठ्ठी सापडल्यावर मी ती त्यांच्या धुतलेल्या शर्टाच्या खिशात ठेवली. काय होतं ते बघू म्हणून. दोन दिवसांनी शर्ट धुवायला आला तेव्हा खिशात दोन चिठ्ठ्या होत्या. दुसरीवर लिहिलं होतं, ‘आज नक्की.’

*

त्या बुधवारी कॉलेजात रुजू होण्याचं पत्र द्यायला जायचं होतं. अडीच तासांचं काम. मी मनाशी म्हटलं, चला, रंगीत तालीम. आदल्या दिवशी बसून एकोणीस सूचना लिहिल्या आणि फ्रिजवर चिकटवल्या. दूध कोमट करून मनगटावर थेंब टाकून बघणे, इथपासून ते काही झाल्यास खालील नंबरवर फोन करणे, इथपर्यंत.

बाबांनी चष्मा लावून एकोणीसच्या एकोणीस वाचल्या. “ट्रक तोलायच्या काट्यालासुद्धा एवढ्या सूचना नसतात,” म्हणाले.

“बाबा, चेष्टा नको. जमेल ना?”

त्यांनी यादीवरून नजर काढली. तोंड उघडलं. मला आता वाटतं की ते त्या क्षणी सांगणार होते. पण मुलीने त्यांचा चष्मा ओढला आणि ते हसले. “जमेल की. आपली पोर आहे.”

पावणेपाचला मी परत आले तेव्हा घराचं दार सताड उघडं होतं.

हाका मारल्या. पाळणा रिकामा. बाबांची खोली रिकामी. मोरी, गॅलरी, पलंगाखाली. हो, पलंगाखालीसुद्धा पाहिलं. दुधाची बाटली टेबलावर अर्धी. गॅस बंद. आणि फ्रिजवर यादी नव्हती. नुसते चिकटपट्टीचे चार तुकडे. मूल नेणारा यादी कशाला नेईल? एवढा एकच विचार डोक्यात घुमत राहिला. फोन काढला तर सात कॉल येऊन गेलेले, अनोळखी नंबरवरून. प्राचार्यांच्या खोलीत जाताना मी आवाज बंद केला होता आणि नंतर विसरले होते.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. मागच्या बोळातून, कोणीतरी ठासून ठासून वाचत होतं.

“सूचना अकरा! ढेकर काढताना बाळाची मान हाताने धरावी! धरली का?”

“धरलीय की! किती वेळा विचारशील?”

मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. त्या दारातून मी कधीही आत गेले नव्हते, येताजाता नजर दुसरीकडे वळवून जायचे. आत लांबट, अरुंद खोली. भिंतीला निम्म्यापर्यंत हिरवा तेलकट रंग. सहा-सात टेबलं, वर सावकाश फिरणारा पंखा. मधल्या टेबलावर कोऱ्या कापडाची जाड घडी आणि त्या घडीशेजारी माझी मुलगी प्लंबरच्या खांद्यावर. त्याचा पंजा तिच्या सबंध पाठीएवढा होता. बाकावर अनवाणी बसलेली एक बाई तिच्या पायाचा अंगठा धरून होती. गळ्यात मोजपट्टी अडकवलेला एक किडकिडीत माणूस माझी यादी डोळ्यांपासून लांब धरून वाचत होता. एका टेबलावर सगळे पेले पालथे घालून ठेवले होते. आणि बाबा भिंतीकडच्या खुर्चीत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, ताठ.

मी मुलीला प्लंबरच्या हातून अक्षरशः हिसकावून घेतलं. तिने ढेकर दिली.

“निघाली बाबा एकदाची,” टेलर म्हणाला.

“सूचना एकनुसार सगळ्यांनी हात धुतलेत, बाई,” प्लंबर घाबरून म्हणाला. “मी तीनदा धुतले. तिसऱ्यांदा ब्रश लावून.”

गल्ल्यामागून एक बाई बाहेर आली. पन्नाशीची, केस घट्ट बांधलेले, तो खणखणीत आवाज हिचाच. सगळे तिला काकी म्हणत. “पोर ठीक आहे. आधी बसा तुम्ही. पाणी प्या. पोर आत आहे तोवर बार बंद आहे, कुणाच्या घशाखाली काही उतरलेलं नाही.”

“हिला इथे कोणी आणलं?”

मग बाबा म्हणाले, “मी आणलं.” त्यांचा आवाज अगदी साधा होता. “रडत होती. म्हटलं, रस्ता दाखवू. मग जिना सापडेना, सूनबाई.”

“म्हणजे?”

“आपला जिना. मी एक चढलो. तो नव्हता तो. बेल वाजवली तर कोणी उघडेना.”

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. ते लाजले होते. बुटाच्या टोकाकडे बघत होते. मग काहीतरी काम आठवल्यासारखे उठले, शर्ट नीट केला, खिशातून घडीचा रुमाल काढला आणि काकींसमोर धरला.

“काकी, दोन थेंब टाका. निघतो आता.” आणि आवाज खाली आणून म्हणाले, “सूनबाईला कळायला नको.”

मी चार हातांवर उभी होते. मुलगी माझ्या कडेवर होती. आत्ताच ते माझ्याशी बोलले होते.

टेलरने यादी हळूच पालथी ठेवली. काकींनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर माझी परवानगी मागत होती की माफी, मला अजून सांगता येत नाही. मग त्यांनी फळीवरची बाटली काढली, रुमालाच्या मधोमध दोन थेंब टाकले आणि घडी घालून परत दिला. बाबांनी तो ओठांवरून फिरवला, तोंड वेडंवाकडं केलं आणि खिशात ठेवला. प्लंबर उठला, त्यांच्या कोपराखाली हात घातला.

“चला काटेवाले. तेरा पायऱ्या. मोजायच्या.”

“मोजायच्या,” बाबा म्हणाले, आणि दोघे बाहेर पडले.

*

खुर्चीत बसले तेव्हा माझं टेबल जरासुद्धा हललं नाही, हे का लक्षात आलं कोणास ठाऊक. अशा ठिकाणची टेबलं डुगडुगतात अशी माझी समजूत होती. खाली पाहिलं तर एका पायाखाली पुठ्ठ्याची नेटकी घडी. शेजारच्या टेबलाखालीही तशीच.

“त्यांचंच काम,” काकी म्हणाल्या. “सबंध दुकान पातळीत आणलंय. पिणारे म्हणतात, आता टेबल हललं तर समजायचं आपल्याला चढली.”

“ते पीत नाहीत?”

“लिंबू सोडा. तोही मीठ कमी.”

“किती दिवसांपासून माहीत आहे तुम्हाला?”

“वर्ष झालं. एकदा ह्या टेलरला त्यांनी तासाभरात दोनदा विचारलं, आपण काय करता म्हणून.”

“मला वाटलं, माझ्या शिवणीवर टोमणा मारतायत,” टेलर म्हणाला. कोणी हसलं नाही. त्यालाही हसायचं नसावं.

“दुसऱ्या दिवशी आले ते सगळ्यांना बसवूनच घेतलं,” काकी पुढे सांगू लागल्या. “म्हणाले, माझा काटा सरकायला लागलाय. डॉक्टरकडे नंतर बघू, पण माझं एक काम करा. रोज आलो की तुम्ही आधी मला शून्यावर आणून द्या. कोण, कुठे बसतो, एवढं सांगा. मग संध्याकाळभर मी बरोबर तोलेन. तेव्हापासून ही हजेरी. पहिले चार दिवस आम्हाला लाज वाटली. आता एखाद्या दिवशी ते आले नाहीत तरी आम्ही घेतो. सवय झालीय.”

“आणि रुमाल?”

बाकावरची नर्स बोलली. दिवसपाळी संपवून आलेला, घासलेला आवाज. “तेही त्यांचंच डोकं. म्हणाले, पिणाऱ्या बापाला मुलगा ओरडतो आणि सोडून देतो. विसरणाऱ्या बापाला कोणी ओरडत नाही. त्याच्या हातातून एकेक वस्तू काढून घेतात. आधी किल्ली, मग काडेपेटी. आणि...” तिने माझ्या मुलीकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं.

तिथे मला राग आला. मघापासून साठलेली सगळी भीती रागाच्या वाटेने वर आली.

“म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं. पहिल्या तारखेपासून मी हिला त्यांच्यावर सोडून जाणार होते, हे माहीत होतं?”

“होतं,” काकी म्हणाल्या.

“आणि तुम्ही रुमालावर थेंब टाकत बसलात! वर यायला तेरा पायऱ्या होत्या ना? आज ही रस्त्यात असती तर? गाडीखाली असती तर?”

“बरोबर आहे तुमचं.” काकींनी वाद घातला नाही. “चूक आमची. त्यांनी शब्द घेतला होता की घरी मीच सांगणार. आम्ही तो धरून बसलो.”

“मी रोज चिठ्ठी देते,” नर्स म्हणाली. “घरी सांगा, आजच सांगा. ते रोज म्हणतात, हो, आज सांगतोच. आणि सांगायचं असतंही हो त्यांना. तेरा पायऱ्या चढेपर्यंत विसरतात. शनिवारी मी स्वतःच वर येणार होते.”

म्हणजे ती बाई ही. टाचा फुटलेली, दिवसभर उभी राहून सुजलेले पाय बाकावर पसरून बसलेली. मी तिचं अक्षर हुंगून हुंगून कसले कसले तर्क केले होते.

“आज चार वाजता मी शटर वर करत होते,” काकी म्हणाल्या, “तर हे समोर उभे, पोरीला छातीशी धरून. दोन्ही हातांनी, असं, काचेची वस्तू धरावी तसं. मला म्हणाले, काकी, मला काही सुचत नाहीये, पण हिला मी खाली ठेवलेलं नाही. मी ह्या सगळ्यांना फोन केले की हजेरी आज लवकर. प्लंबर वर जाऊन आला, घर उघडं, कोणी नाही. फ्रिजवरची यादी तेवढी घेऊन आला. एकोणिसाव्या सूचनेतला नंबर लावत होतो आम्ही, सारखा.”

“सात वेळा,” टेलर म्हणाला. “मग म्हटलं, तोवर पहिल्यापासून सुरू करू.”

मी कापडाच्या घडीकडे पाहिलं. नवंकोरं, महागाचं, कोणाच्या तरी सुटाचं कापड होतं. त्यावर मुलीच्या दुधाचा ओला डाग पडला होता.

“हे कोणाचं?”

“गिऱ्हाइकाचं. सांगेन, कापड पाण्यात घालून बघितलं, आटत नाही. खूश होईल तो.”

आता मात्र मला रडू आलं. नर्सने काही न बोलता मुलीला माझ्याकडून घेतलं. आधी तिने बेसिनपाशी जाऊन हात धुतले. पुन्हा.

*

त्या संध्याकाळी नवरा बराच वेळ बाबांच्या खोलीच्या उंबऱ्यात उभा राहिला. मी त्याला सगळं सांगितलं होतं. त्याने बाबांचा रुमाल हातात घेतला, हुंगला आणि म्हणाला, “आणि मी त्यांना ओरडत होतो.” एवढंच. मग आत जाऊन त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला खाली बसला.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, गोळ्या आल्या. गोळ्या काटा मागे आणत नाहीत, सरकण्याचा वेग थोडा कमी करतात, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी काट्याची उपमा दिली नव्हती. ती मी मनात बदलून घेतली. मी अर्ध्या पगारावर रजा वाढवून घेतली. पुढे नर्सच्या ओळखीने एक पाळणाघर मिळालं. तिथल्या फडक्यांची मी दोनदा अचानक जाऊन तपासणी केली. बाबांना एकट्याने मुलगी सांभाळायला दिली नाही. ते एक आम्ही खरंच काढून घेतलं त्यांच्या हातातून. पण रविवारचं वजन ठेवलं. कोणत्याही दिवशी त्यांनी “आज रविवार ना?” म्हटलं की आमच्याकडे रविवार असतो.

आणि पाचला खाली जाणं ठेवलं. आता मी सोबत जाते, मुलीला घेऊन. प्लंबरची कोपराखालची जागा मी घेतली. जिना उतरताना आम्ही पायऱ्या मोजतो. पोर आत असेपर्यंत, म्हणजे सहापर्यंत, काकी कोणाला काही ओतत नाहीत. टेलर म्हणतो, ह्या पोरीने माझं यकृत वाचवलं, मोठी झाल्यावर फी मागेल. प्लंबर हात धुतो. मी कधी घाबरून काही विचारलं, हिची शी हिरवी का, हिला दात उशिरा का, तर नर्स डोळे मिटूनच उत्तर देते, “सगळ्यांची असते. बसा.” काळजीच्या नोकरीत मला पहिल्यांदा कोणी रजा दिली असेल तर ह्या लोकांनी.

आभार मानायचा मी एकदा प्रयत्न केला. घरून वाक्य ठरवून गेले होते. काकींनी मधेच तोडलं. “आभार कसले? तुमच्या सासऱ्यांमुळे आम्हाला कळलं की आम्ही रोज येतो. आधी नुसतेच यायचो.” मला ते पूर्ण कळलं नाही. मी अजून त्यावर विचार करते.

हजेरीत मला जागा मिळाली ती जिन्याकडच्या खुर्चीची. तिथे नव्याने एक टेबल ठेवलं होतं. आधी आधी बाबा शेवटी स्वतः म्हणत. मग मधले शब्द गळायला लागले. आता काकी म्हणतात, “काटेवाले, भिंतीकडची खुर्ची?” आणि बाबा तेवढंच म्हणतात, “हजर.”

काल आम्ही नेहमीसारखे खाली उतरलो. मी त्यांना त्यांच्या खुर्चीत बसवलं, मुलीला मांडीवर घेऊन माझ्या जागी आले. काकींनी विचारलं, कोण कोण आलंय. टेलर झाला, प्लंबर झाला, नर्स झाली.

“सून,” मी म्हटलं. “जिन्याकडची खुर्ची. हजर. आणि नात, मांडीवर.”

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. उत्सुकतेने, अदबीने, पहिल्यांदाच आलेल्या माणसाकडे पाहावं तसं. मी हसले. तेही हसले. मग ते उठले, सावकाश माझ्या टेबलापाशी आले, कडेला दोन बोटं ठेवून त्यांनी ते दाबलं. टेबल जरासं हललं.

“नव्या आहात?” त्यांनी विचारलं.

काकी पुढे होऊ लागल्या. मी हाताने त्यांना थांबवलं.

“हो,” मी म्हटलं.

“घाबरू नका. इथे सगळे ओळखीचेच असतात.”

त्यांनी खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला, दोनदा दुमडला, गुडघ्यावर बसून टेबलाच्या पायाखाली सरकवला. मग पाण्याचा भरलेला पेला मागून घेतला, टेबलाच्या मधोमध ठेवला आणि डोळे पेल्याच्या काठाशी आणून पाहत राहिले. मुलीनेही वाकून पाहिलं. पाणी हललं, हलत राहिलं, थांबलं.

तेव्हा कुठे ते उठले आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले.